कंबरभर पाणी

खुशाल नागापुरेला पोहता येत नव्हतं. ही गोष्ट अवघ्या मुलखात तिघांनाच ठाऊक होती: त्याची आई, थोरला भाऊ इस्तारी आणि बायको वच्छला. चौथ्याला सांगितली असती तरी त्यानं ती मानली नसती, कारण खुशाल ढिवर होता. पिढ्यान् पिढ्या तलावात जाळी टाकणाऱ्या घरातला माणूस बुडतो म्हटल्यावर कोणीही हसून पुढे गेलं असतं.

यात दोष म्हणावा तर कोणाचाच नव्हता. लहानपणी त्याचे दोन्ही कान वाहायचे. वैद्यानं बजावून सांगितलं की पोराला पाण्यात डोकं बुडवू देऊ नका, आणि आईनं ते शब्द गाठीला बांधले. गावची पोरं तलावात मनसोक्त डुंबत तेव्हा हा कानात कापसाचे बोळे घालून तलावाच्या पाळीवर, बांधावर, बसे आणि सगळ्यांचे कपडे राखी. कान बरे झाले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्या वयात पाच-पाच वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर काठाशी पाय आपटत शिकायचं त्याच्या जिवावर आलं. मग तो शाळेतच रमला, चौथी पास झाला आणि अंगाला माशांचा वास न येणारा त्या घरातला पहिला माणूस ठरला.

एकोणीसशे सेहेचाळीस साली मूलला लाकडाच्या एका ठेकेदाराच्या कचेरीत तो चपराशी म्हणून लागला. पहिल्याच दिवशी बडे बाबू मनसाराम यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "कोणाचा गा तू?"

"ढिवराचा, बाबूजी."

"मंग तं पट्टीचा पोहणारा असशील."

खुशाल नुसता हसला. तेव्हाच 'नाई जी' म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पहिल्या दिवशी साहेबाला नाही कोण म्हणतो?

हसण्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण कचेरीत चपराशाला कोणी माणसात धरत नाही. पाणी आण, फाईल ने, चहा सांग, एवढीच त्याच्याशी बोलणी. एकदा दुपारी इस्तारीनं पाठवलेली मरळ त्यानं बाबूंना दाखवली आणि बोलता बोलता भावाची एक गोष्ट स्वतःच्या नावावर खपवून टाकली. तलावात बुडालेल्या मोहाच्या खुंटाला जाळं अडकलं होतं, इस्तारी विळा दातात धरून तीनदा खाली गेला होता आणि तिसऱ्यांदा नाकातून रक्त घेऊन वर आला होता. खुशालनं हे सगळं 'मी' म्हणून सांगितलं. बाबूंनी लेखण्या खाली ठेवल्या. मनसाराम बाबूंनी तर पानाचा विडा अर्धा त्याच्या हातावर ठेवला. त्या दिवशी खुशाल घरी आला तो चार बोटं उंच होऊनच.

मग गोष्टींना तोटा राहिला नाही. इस्तारीकडे त्या पोतंभर होत्या. खाली डोळे उघडे ठेवले की पाणी कसं हिरवं दिसतं, वाळू कशी चकाकते, दगड टाकून खोली कशी ओळखायची, सगळं खुशाल असं सांगायचा की ऐकणाऱ्याचे कपडे भिजावेत. वच्छलाला हे आवडत नसे.

"एक दिवस कोणी म्हणन, दाखव. मंग काय करशील?" ती म्हणायची.

"कोण म्हणते? कचेरीत काय तलाव हाय?" खुशाल तिलाच वेड्यात काढायचा. नऊ वर्षं तो बरोबरच निघाला.

ऐकणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा लच्छू. तळोधीचा पोरगा, वय तेवीस, लाकडाच्या गाड्यांचे पास लिहिण्याच्या कामावर नुकताच लागलेला. बाकीचे बाबू 'ए खुशाल' म्हणत, हा एकटा 'खुशालभाऊ' म्हणायचा. आपल्या डब्यातली चटणी न विचारता त्याच्या भाकरीवर वाढायचा आणि म्हणायचा, "ते खुंटाचं सांगा ना अजून एकडाव." खुशालला स्वतःचा धाकटा भाऊ नव्हता. या पोरावर त्याचा जीव होता, आणि म्हणूनच याच्यापुढे खरं बोलणं त्याला सगळ्यात अवघड होतं.

पंचावन्न सालची गोष्ट. दसरा उलटून आठवडा झाला होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची, त्या दिवशी बाबूंच्या डोक्यात आलं की उद्या रविवारी सगळ्यांनी मिळून सिंदेवाहीपलीकडच्या डोंगरात देवकोंडीचा धबधबा पाहायला जावं. पाऊस यंदा झडझडून झाला होता, धार अजून भरलेली होती. ठेकेदारानं ट्रक दिला, ड्रायव्हर बिरजू तयार झाला. स्वयंपाकाला अर्थातच खुशाल.

पाण्याचं नाव निघताच खुशाल अंग काढून घेऊ लागला. "पोरगी बिमार हाय, बाबूजी," त्यानं सांगून पाहिलं.

"तू नाई येशील तं आम्ही कायले जातो?" मनसाराम बाबू म्हणाले. "पाण्यापाशी जाचं अना ढिवर संगं नाई, असं होते का कुठी?"

घरी वच्छला म्हणाली, "तिथी कोणी काही म्हटलं, तं सरळ सांगून टाकजो. हसतीन, अजून काय करतीन?" खुशालनं मान हलवली. वाटेत, ट्रकच्या हौद्यात भांड्यांच्या मधे बसून त्यानं ते वाक्य मनाशी घोकलंही. मले पोहता येत नाई. चारच शब्द होते.

ट्रक कोसमटोल्याला पोचला तेव्हा दहा वाजले होते. गोंडांची दहा-बारा घरं. तिथला म्हातारा चैतू वाट दाखवायला पुढे चालला. ट्रक जाईल तितका गेला, आणि थांबला तिथून धबधबा हाकेच्या अंतरावर होता. उंच काळ्या कड्यावरून पाणी सरळ डोहात पडत होतं आणि आवाज असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं. बाबू लोक खूश झाले. एकानं तर हात जोडले.

चैतू परत निघताना म्हणाला, "दुरून पाहा. डोहात नोको उतरू. आमचे लोक नाई उतरत."

"आमच्यापाशी ढिवर हाय," मनसाराम बाबूंनी खुशालच्या पाठीवर थाप मारली. चैतूनं खुशालकडे एकदा पाहिलं आणि गावाकडे चालू लागला.

खुशालनं तीन दगडांची चूल मांडली. वांग्याच्या भाजीत सुके झिंगे घातले, भात केला, पळसाच्या पानांवर सगळ्यांना वाढलं. जेवण होईपर्यंत पाण्याचा विषय निघाला नाही, आणि त्याला वाटलं, सुटलो. सुपारी कातरली गेली. कोणी आडवं झालं. तेवढ्यात लच्छू उठून काठाशी गेला. डोहाच्या मधोमध, धारेच्या जरा अलीकडे, एक सपाट दगड वर आला होता. त्यावर जाऊन बसायचं त्याच्या मनात भरलं.

"खुशालभाऊ," त्यानं हाक मारली, "त्या दगडापर्यंत किती पाणी असंल?"

सगळे खुशालकडे पाहू लागले. लच्छूनं हे आव्हान म्हणून विचारलंच नव्हतं. घरी आईला 'भात झाला का' विचारावं तितक्या सहज विचारलं होतं.

खुशाल काठावर गेला. इस्तारी करायचा तसा त्यानं एक गोटा उचलला आणि डोहात टाकला. इस्तारी आवाजावरून सांगायचा, बुडबुडे किती वेळानं वर येतात त्यावरून सांगायचा, आणि त्याचा अंदाज वितीनंसुद्धा चुकत नसे. इथं धबधब्याच्या गर्जनेत आवाज ऐकू येणार कुठून? आणि बुडबुडे तर डोहभर होते. खुशालला काहीही कळलं नाही. चार शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. मागे आठ माणसं उभी होती, मनसाराम बाबू तोंडातलं पान चघळायचं थांबवून बघत होते.

"कंबरभर," खुशाल मोठ्यानं म्हणाला. "दगडापर्यंत कंबरभर."

लच्छूनं सदरा काढला, घडी करून खुशालच्या हातात दिला आणि पाण्यात पाय टाकला. घोटा, गुडघा, मांडी. पाणी कमरेला लागलं तेव्हा तो वळला आणि हसून ओरडला, "बराबर कंबरभर हाय, खुशालभाऊ." मग पुढचं पाऊल टाकलं आणि दिसेनासा झाला.

आधी कोणाला वाटलं, गंमत करतो आहे. मग एक हात वर आला, बोटं फाकलेली, आणि गेला. पुन्हा डोकं आलं, तोंड उघडं होतं, पण धबधब्यापुढे त्याचा आवाज पोचला नाही. बाबूंपैकी कोणालाच पोहता येत नव्हतं. सगळ्यांनी एकदम खुशालकडे तोंड केलं.

"खुशाल, जा."

बिरजू म्हणाला, "ट्रकमंधी लाकडं बांधाचा दोर हाय. आणू का?"

"दोर कायले?" मनसाराम बाबू त्याच्यावरच खेकसले. "खुशाल हाय ना."

आण म्हणायला हवं होतं. 'आण रे बाप्पा, पळ' एवढंच. ट्रक पन्नास पावलांवर होता. खुशालचं तोंड उघडलं, पण ते शब्द बाहेर पडले नाहीत. बोलता येईना म्हणून तो पाण्यात शिरला. याला धाडस म्हणायचं तर म्हणावं, मी म्हणणार नाही. त्याला नुसतं त्या डोळ्यांपुढून कुठंतरी जायचं होतं.

कमरेपर्यंत तळ होता. मग तळ संपला. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, वरखाली काही समजेना. पाय झाडत, हात मारत तो कसाबसा बाजूला फेकला गेला आणि काठावरच्या जांभळीचं एक मूळ त्याच्या हाताला लागलं. ते धरून, माती ओरबाडत तो वर आला आणि पालथा पडून ओकू लागला.

"सापडला काय?" वरून कोणी विचारलं.

"नाई," खुशाल म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. मग मात्र बिरजू कोणाला न विचारता पळाला आणि दोर घेऊन आला. दोर चांगला लांब होता, दगडाच्याही पलीकडे गेला. पण तो धरायला पाण्यावर आता कोणी नव्हतं.

चैतूला बोलावून आणलं. तो दोन गडी आणि लांब बांबू घेऊन आला. दिवस कलला तेव्हा त्यांनी लच्छूला कड्याखालच्या कपारीतून काढलं आणि काठावर आणून निजवलं. बाबू लोक बाजूला जाऊन बसले. पाण्यात शिरताना खुशालच्या हातून पडलेला तो घडी केलेला सदरा काठावर तसाच होता. तो त्यानं लच्छूच्या अंगावर पसरला, बाह्या नीट केल्या, आणि मग त्याला रडू फुटलं.

चैतू धोतराचा सोगा पिळत त्याच्याजवळ येऊन बसला. कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "तुले पोहता येत नाई."

खुशालनं वर पाहिलं.

"तिथी जांभळीपाशी मातीत तुह्ये नखं हायेत. पोहणारा माणूस काठाले असा नाई ओरबाडत." एवढं बोलून चैतू उठला. त्यानं ते दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. पण खुशालला वाटत होतं की त्यानं सांगावं, मोठ्यानं, सगळ्यांपुढे सांगावं, म्हणजे आपल्याला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. जमादारानं विचारलं, मनसाराम बाबूंनी सांगितलं आणि कागदावर उतरलं ते असं की खुशाल नागापुरे, जात ढिवर, पट्टीचा पोहणारा, याने जिवाची पर्वा न करता दोनदा बुडी मारली, परंतु डोह अतिशय खोल व भोवऱ्याचा असल्याने उपाय चालला नाही. कंबरभर हा शब्द त्यात नव्हता. तो नऊही जणांनी ऐकला होता, त्यांतला एक आता नव्हता आणि उरलेल्यांना त्या शब्दाची आठवण काढायची नव्हती.

खुशालला वाचता येत होतं. चौथी पास होता ना. त्यानं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाबूजी, दोनदा नाई. अना ते पोहणारा..."

"सही कर गा," मनसाराम बाबू हलक्या आवाजात म्हणाले. त्यांचेही डोळे सुजलेले होते. "ढिवराच्यानं जे नाई झालं ते आमच्यानं काय होणार होतं? तुह्या सहीनं सारे मोकळे होतात."

खुशालनं सही केली. सगळे मोकळे झाले, तो सोडून.

त्यानंतर कचेरीत त्याला कोणी 'ए खुशाल' म्हणेना. बाजारात लोक थांबून म्हणत, दोनदा गेला म्हणे खाली. तो मान खाली घालायचा, आणि लोक म्हणायचे, पाहा, किती लागलं आहे मनाला. वच्छलाला तेवढं त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तिनं एका शब्दानंही टोचलं नाही, आणि टोचलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्या माउलीले तं सांग," ती म्हणाली. "बाकीचे जाऊ दे."

तो तळोधीला निघायचा, स्टेशनपर्यंत जायचा, छोटी गाडी यायची, निघून जायची आणि हा परत यायचा. असं तीनदा झालं. शेवटी ती माउलीच आली.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळच्या छोट्या गाडीनं उतरून लच्छूची आई रुखमाबाई विचारत विचारत कचेरीत पोचली. लहानखुरी बाई, हातात फडक्याचं गाठोडं. मनसाराम बाबूंनी उठून खुर्ची दिली, पण ती बसली नाही. "मले खुशालभाऊले भेटाचं हाय," म्हणाली. दोघं मागच्या अंगणात लाकडाच्या ओंडक्यावर जाऊन बसले.

खुशालनं तिला बोलूच दिलं नाही. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळलं होतं. खाली मातीकडे पाहत त्यानं सगळं सांगून टाकलं. कान वाहायचे ते, भावाच्या गोष्टी आपल्या म्हणून सांगितल्या ते, गोटा टाकला ते, कंबरभर म्हणालो ते, बिरजूला दोर आण म्हणता आलं नाही ते. "मले पोहता येत नाई, माय," तो म्हणाला. "तुह्या पोराले मी मारलं."

रुखमाबाई ऐकत राहिली. मग तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"असं नोको बोलू, बाप्पा. दुःखानं माणूस काहीबी बोलते. मी नाई का, चार दिवस सांगत होती का मले पोरगा झालाच नव्हता म्हून. बाया हो हो म्हणत."

"खरं सांगून राह्यलो, माय. तो कागद खोटा हाय."

"सरकारी कागद. मी वाचून घेतला दोनदा." ती समजुतीनं म्हणाली, लहान मुलाशी बोलावं तशी. "अना ढिवराले पोहता नाई येत असं होते काय? तू गेला होता खाली. तेवढंच माह्या जिवाले हाय. बाकीचे तं काठावर उभे होते."

खुशालनं पुन्हा तोंड उघडलं. पण आता सांगायला काही उरलंच नव्हतं. होतं नव्हतं ते खरं त्यानं तिच्यापुढे ठेवलं होतं आणि तिनं ते बाजूला सारलं होतं.

"मी एकच विचाराले आली," रुखमाबाई म्हणाली. "खाली अंधार होता काय? तेवीस वर्षाचा झाला, पण अंधाराले भ्याये. कंदील विझवला का उठून बसे. कोणाले सांगत नव्हता. म्हून मले झोप नाई येत. तू पाह्यलं, तू सांग."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. खुशालला त्या डोहाच्या आतलं काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. नाकातोंडात पाणी आणि गच्च मिटलेले डोळे, एवढंच त्याला आठवत होतं.

"नाई, माय," तो म्हणाला. "उजेड होता. हिरवा हिरवा. खालची वाळू दिसे."

बाईनं श्वास सोडला. डोळे पुसले. जरा वेळानं, जणू तिचं तिलाच सुचलं तसं तिनं विचारलं, "एवढं दिसत होतं, तं मंग तो हाताले काऊन नाई लागला?"

खुशालनं एकदा इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. आतून टेबलाचा खण ओढल्याचा आवाज आला.

"लागला होता, माय," तो म्हणाला. "निसटला."

"कोणत्या हाताले?"

खुशालनं उजवा हात पुढे केला. रुखमाबाईनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सोडला नाही.